केस वाढवणे आणि केस राखणे

मोबाइलवर सध्या ‘आदिवासी तेला’ची लाट आहे. कमरेखाली केस सोडलेली माणसं, मागे झाडी, कढईत उकळणारा पाला आणि ‘जंगलातलं रहस्य’. हे तेल विकणारी हक्की-पिक्की जमात कर्नाटकातली. तिच्या पोटापाण्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते केसांची सगळी विद्या एका बाटलीत मावते या समजुतीशी. कारण ती समजूत गडचिरोलीतल्या एखाद्या आजीच्या हातातली फणी हिशेबातच धरत नाही.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तोही मुळाशी. बाहेर आलेला केस निर्जीव असतो. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक सहा-सात वर्षांपूर्वी उगवलेलं असतं. त्याला आज चोळलेलं तेल काय वाढवणार? केस लांब दिसतो तो इतकी वर्षं तुटला नाही म्हणून. तेल निरुपयोगी आहे असं नाही. खोबरेल लावल्याने केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते, असं 2003 साली मुंबईच्या संशोधकांनी दाखवलं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बीचं, तेलही केस एकमेकांवर घासू देत नाही. पण हे झालं रक्षण. अंगात रक्तच कमी असेल तर गळणारे केस कुठलंच तेल थांबवत नाही, आणि गडचिरोलीत बायकांचं रक्त कमी असणं ही काही नवी बातमी नाही.

राखणं जमत नसेल तर ‘कापून टाका, सुटसुटीत’ हा सल्ला सोयीचा आहे, इतकंच.

विधवांचं केशवपन, त्याविरुद्धचा 1890चा मुंबईतल्या न्हाव्यांचा संप, जटा सोडवणारे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते: बाईच्या केसांवर महाराष्ट्राने पुष्कळ विचार केला, पण तो ठेवावेत की काढावेत एवढाच. रोज राखायचे कसे, हे बायकांचं बायकांनी पाहिलं. गुंता टोकाकडून सोडवत वर जायचं. ओले केस ओढायचे नाहीत. वेणी इतकी आवळायची नाही की कपाळावरचे केस विरळ व्हावेत. मे महिन्यात तेंदूपानं तोडायला काट्याकुट्यात शिरायचं तर अंबाडाच हवा. तिथे तो शृंगार नसतो. (शृंगारही असतोच म्हणा. बस्तरच्या मुरिया पोरांनी घोटुल या युवागृहातल्या मुलींसाठी कोरलेल्या फण्यांबद्दल व्हेरियर एल्विनने 1947च्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे.)

ही विद्या वाचून येत नाही. लांब केस एकटीने सांभाळणं अवघड असतं. मागे बसणारं कुणीतरी लागतं. पोर पहिलीपासूनच निवासी आश्रमशाळेत गेली की ते माणूस सुटतं. मग उवा होतात, गुंता होतो, आणि घाईच्या सकाळी कात्री सोपी वाटते. मुलीला आखूड केस आवडत असतील तर प्रश्नच मिटला. पण न विचारता कापणं ही स्वच्छता नव्हे.

आश्रमशाळांनी रविवारची एक दुपार यासाठी द्यावी. प्रत्येक मुलीला स्वतःची फणी द्यावी, आणि शिकवायला गावातल्या एखाद्या आजीला मानधन देऊन बोलवावं. तेलाची बाटली नंतर आणली तरी चालेल.