यंत्राने लिहिलेला निरोप



दसरा-दिवाळी झाली की आपल्या लिंबागणेश परिसरातील वाड्या-वस्त्या कशा ओस पडतात हे आपणांस सांगण्याची गरज नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरे चढतात, आणि बिऱ्हाडे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नाही तर कर्नाटकातील कारखान्यांची वाट धरतात. मग पाच-सहा महिने रविवारच्या मिस्साबलीला म्हातारी माणसे आणि आजीजवळ ठेवलेली शाळकरी मुले एवढीच काय ती दिसतात.

गेल्या हंगामात आपल्यातील एक वृद्ध बंधू देवाघरी गेले. मुलगा आणि सून फडावर होती. मुलगा मातीला आला आणि दुसऱ्याच दिवशी परत गेला. मुकादमाची उचल घेतलेली, एकेका दिवसाचा खाडा अंगावर पडणारा. त्याला थांबायला सांगण्याचे धाडस आमच्यापैकी कोणालाही झाले नाही. पुढे आपल्या युवक मंडळाने ठरवले की त्याला धर्मग्रामाच्या वतीने सांत्वनाचा निरोप पाठवावा. मंडळातील एका मुलाने मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला एका ओळीत सांगितले, वडील वारले आहेत, मराठीत सांत्वनपर पत्र लिही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पत्र तयार. भाषा शुद्ध, शास्त्रवचनांचा दाखला योग्य, शेवटी प्रार्थनाही. आमच्यापैकी कोणी एवढे चांगले लिहिले नसते, हे कबूल करायलाच हवे.

त्याच रात्री मुलाचा फोन आला. त्याने ते पत्र कोपीत सगळ्यांना वाचून दाखवले होते, बायका रडल्या होत्या. त्याने विचारले, "दादा, कुणी लिहिलं हे?" आपला मुलगा म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी मिळून."

हे त्या मुलाने आपणहून आम्हांस येऊन सांगितले, कारण त्याच्या मनाला ते टोचत होते. त्याने नेमके काय चुकीचे केले, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, आणि तोच आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

पहिल्या झटक्यात आपण म्हणू, तो खोटे बोलला. ते तर खरेच. पण तो खरे बोलला असता तर सगळे ठीक झाले असते काय? आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ बंधूंनी चांगला मुद्दा मांडला. ते म्हणाले, दुसऱ्याचे शब्द वापरणे हे पाप कधीपासून झाले? आपण रोज म्हणतो ती माळेची प्रार्थना आपण रचलेली नाही. नाताळाचे छापील कार्ड आपण रचलेले नाही. आणि आपल्या वाडवडिलांच्या काळी, अक्षरओळख नसताना, गावातले मास्तर पत्रे लिहून देत असत. त्याला कोणी फसवणूक म्हटले नाही.

म्हणणे बरोबर आहे. पण त्या मास्तरांपुढे कोण बसलेले असे, हे जरा आठवून पाहावे. पत्र लिहवून घेणारी आई समोर बसे, सांगे, थांबे, पदर डोळ्याला लावी, पुन्हा सांगे. शब्द मास्तरांचे, पण दुःख तिचे. माळेचे शब्द आपले नसतील, पण गुडघे आपले असतात, वेळ आपला असतो. आमच्या निरोपात असे कोणाचे काय होते? मुलाने त्या वृद्धाचे नावसुद्धा यंत्राला दिले नव्हते. हे यंत्र अफाट लिखाण वाचून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो याचा अंदाज बांधायला शिकलेले असते. त्याने 'वडील' आणि 'मराठी' यांवरून अंदाज बांधला आणि लिहिले की आपल्या वडिलांनी स्वतःच्या शेतात घाम गाळला. त्या माणसाच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती. त्यांनी जन्मभर दुसऱ्याचा ऊस तोडला. हे आम्हां सर्वांना ठाऊक होते, तरी पाठवण्यापूर्वी ती ओळ कोणी नीट वाचली नाही. मुलाला ती खटकली असेलच. तो बोलला नाही.

दोष उसन्या शब्दांत नव्हता. धर्मग्रामाने त्या माणसाची आठवण केली असे पत्र सांगत होते, आणि आठवण कोणीच केली नव्हती. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी 'अँटिक्वा एत नोव्हा' या नावाने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. यंत्राला माणूस म्हणून पुढे करणे नेहमीच टाळावे, असे त्यात बजावले आहे. मोठे दूरचे प्रकरण वाटते, पण आपल्या एका फोनवर तेच घडले. अमेरिकेत तर एका कॅथोलिक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये प्रश्नांना उत्तरे देणारा 'फादर जस्टिन' नावाचा यंत्र-धर्मगुरू सुरू केला होता. तो आपण खरेच धर्मगुरू असल्याचे सांगू लागला, लोकांची पापनिवेदनेही ऐकू लागला. भाविकांनी हरकत घेताच थोड्याच दिवसांत त्याचा धर्मगुरूचा वेष आणि 'फादर' ही पदवी काढावी लागली. हेतू त्यांचाही सेवेचाच होता.

यावरून आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. त्याच मुलाने त्याच मोबाईलवर एका भगिनीला दहा मिनिटांत समजावून दिले की रेशनचे धान्य दुसऱ्या जिल्ह्यातही आपल्या कार्डावर मिळू शकते. इतके हंगाम ती फडावर दुकानातून विकतचे धान्य घेत होती. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली, तिचे कागद कोणते लागतात हे विचारायला माणसाने कितीदा बीडला खेटे घालावे? सरकारी मराठी आपल्यालाही धड कळत नाही. ती साध्या बोलीत सांगणारे यंत्र मिळाले तर ते नाकारणे म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढणे होय. केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांसाठी असेच काम करीत आहे. मात्र उत्तर आल्यावर ते तपासायला जाणता माणूस शेजारी हवा. पुस्तकी मराठीत कोयता म्हणजे हत्यार. आपल्याकडे कोयता म्हणजे मुकादमाच्या वहीतली नवरा-बायकोची जोडी. आपली बोली लिखाणात फार थोडी उतरली आहे, त्यामुळे यंत्राला ती थोडीच ठाऊक असणार.

आता ज्या उसासाठी आपली माणसे जातात त्या उसाकडे वळू. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊसशेती करून दाखविली आहे. जमिनीत ओलावा मोजणारी उपकरणे, शेतातले हवामान केंद्र, उपग्रहाची छायाचित्रे, या सर्वांवरून शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप येतो की आज पाणी किती द्यावे, कीड कोठे पडते आहे, उसात साखर भरून तोडणीची वेळ कधी येईल. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी दोन वर्षांत ५०० कोटी रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५० हजार शेतकऱ्यांची एक लाख एकर जमीन अशी घोषणा झाली. पाण्याची बचत होत असेल, खत कमी लागत असेल, तर ते चांगलेच काम आहे. पाण्याची किंमत आपल्या दुष्काळी मुलखाला कोणी शिकवायला नको.

पण त्या शेतात यंत्र काय काय पाहते? पान पाहते, माती पाहते, साखरेचा उतारा पाहते. ज्या दिवशी साखर भरली म्हणून तोडणीचा निरोप निघतो, त्या दिवशी पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन जे हात उसात शिरतात ते बीडचे असतात. त्या बाईची पाळी चालू आहे, तिला ताप आहे, तिचे सहा महिन्यांचे मूल बांधावर आहे, हे मोजणारे उपकरण त्या शेतात कोणी पुरलेले नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. खाडा पडू नये हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. हे आकडे कोणत्याही यंत्राने शोधून काढले नाहीत. गावोगावच्या कार्यकर्त्या घरात जाऊन बसल्या, विश्वास मिळवला, तेव्हा बायका बोलल्या.

यंत्राला जे विचाराल तेच ते पाहते. विचारणारा उसाचा मालक असेल तर ते उसाची तहान पाहील. यात यंत्राचा काही अपराध नाही. प्रश्न विचारणाऱ्यांत आपण आहोत की नाही, हा खरा मुद्दा आहे. पोप लिओ चौदावे यांनी ८ मे २०२५ रोजी निवड झाल्यावर दोनच दिवसांनी कार्डिनलांना आपल्या नावाचे कारण सांगितले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्राने कारखान्यांच्या युगातील कामगारांचा प्रश्न हाती घेतला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रम आणि माणसाची प्रतिष्ठा यांपुढे तसेच आव्हान उभे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. संत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घरी काढून वाचावा. शेत कापणाऱ्यांच्या अडवलेल्या मजुरीविषयी त्यात जे आहे ते आपल्या फडावरचेच वाटते.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. आपल्याला कोणी विश्वासाने सांगितलेले दुखणे, कर्ज, घरातले भांडण, हे सल्ला घेण्यासाठी म्हणूनसुद्धा नावानिशी यंत्रात घालू नये. ते कोठे साठते हे आपल्या हाती राहत नाही. मदत कोणत्या घराला आधी द्यावी हेही यंत्राला ठरवू देऊ नये. ठरवताना चुकलो तर आपण त्या घरासमोर उभे राहून क्षमा मागू शकतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पंधरा दिवसांनी त्याने फडावर फोन केला आणि खरे सांगितले, की ते यंत्राने लिहिले, शेताची ओळ चुकली, माफ करा. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बरं केलं सांगितलं. पर आई एकटीच हाय घरी. तिच्याकडं कुणी जातंय का?"

कोणी गेले नव्हते. घर चर्चपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

तेव्हापासून दर गुरुवारी महिला मंडळातील दोघी जातात. चहा होतो, माळ होते, मुलाला फोन लावून दिला जातो. या हंगामात मागे एकटी राहिलेली अशी आणखी घरे आहेत. आपल्या वस्तीवरील अशा घरांची नावे येत्या रविवारी मिस्साबलीनंतर सिस्टरांकडे द्यावीत, आणि कोणत्या दिवशी कोण जाईल तेही तेथेच लिहावे. रेशन आणि वसतिगृहाच्या अर्जांसाठी युवक मंडळाचा मुलगा मोबाईल घेऊन त्याच टेबलाशी बसलेला असेल. येताना रेशनकार्ड बरोबर आणावे.