अग्नीला प्रतिनिधी नाही

मूळ वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी घ्यावी की नाही, घेतली तर कोणती घ्यावी, आणि ती घेऊन केलेले कर्म तेच राहते की निराळे होते, हा प्रश्न आपल्या पूर्वमीमांसकांनी जितक्या बारकाईने हाताळला आहे तितका क्वचितच कोणी हाताळला असेल. त्यांच्यापुढे तो यज्ञशाळेत उभा राहिला. परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसापुढे तो बहुधा स्वयंपाकघरात उभा राहतो. येथे त्याचा विचार पुरणपोळीच्या किंवा उकडीच्या मोदकाच्या आधाराने करावयाचा मोह मी मुद्दाम टाळतो. आपल्या पदार्थांच्या बाबतीत आपण न्यायाधीशही असतो आणि फिर्यादीही. म्हणून उदाहरण दूरचे घेतो. मेक्सिको देशाच्या आग्नेय टोकाला युकातान नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील माया लोकांचा ‘कोचिनीता पिबिल’ हा डुकराच्या मांसाचा पदार्थ आज जगातील अनेक शहरांत घरोघरी ओव्हनमध्ये केला जातो. पुष्कळ वाचकांना हे मांस वर्ज्य असेल. त्यांनी पदार्थ बाजूला ठेवून वाद तेवढा ऐकावा.

नावातच अर्धा इतिहास आहे. ‘कोचिनीता’ म्हणजे डुकराचे लहानगे पिलू. हा शब्द स्पॅनिश. ‘पीब’ म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी आणि ‘पिबिल’ म्हणजे त्या भट्टीत भाजलेले. हे शब्द माया भाषेतील. युकातानची भूमी चुनखडीची, वर मातीचा थर पातळ, त्यामुळे खड्डा खणणे हेच मुळी कष्टाचे काम. खड्ड्यात लाकडे पेटवून त्यांवर दगड तापवितात. ज्वाला विझून निखारे उरले की केळीच्या पानांत गुंडाळलेले मांस आत ठेवितात, वर पाने वा पत्रा घालतात आणि मातीने तोंड बुजवितात. मग रात्रभर कोणी काही करावयाचे नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातील ज्या वाचकांनी थंडीत पोपटी लावलेली पाहिली असेल त्यांना या अवस्थेची कल्पना येईल. झाकण काढून चव घेता येत नाही, मीठ कमी पडले असल्यास घालता येत नाही. सकाळी माती उकरावयाची आणि जे झाले असेल ते खावयाचे. युकातानात हा पदार्थ विशेषेकरून रविवारी सकाळी विकावयास येतो. ओढताच धागे सुटावेत इतके मऊ झालेले हे मांस पावात किंवा मक्याच्या पातळ पोळीत घालून, आंबट रसात मुरवलेल्या लाल कांद्याबरोबर खातात. सोबत हाबानेरो मिरचीची चटणी असते. तिला माया भाषेत ‘श्नीपेक’, म्हणजे कुत्र्याचे नाक, असे नाव आहे. ती खाणाऱ्याचे नाक त्या प्राण्याच्या नाकासारखे ओले होते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

आता यातील मूळचे किती? डुक्कर अमेरिकेत नव्हते. ते कोलंबसाच्या 1493 सालच्या दुसऱ्या सफरीत प्रथम तेथे पोचले. केळही नव्हती. ज्या कडवट आंबट नारिंगाच्या रसात मांस मुरवितात ते स्पॅनिश लोकांनी नेले. त्याचे स्पॅनिश नाव ‘नारांखा’ अरबी-फारसीतून मागे जात थेट आपल्या ‘नारंग’ शब्दाशी येऊन भिडते. वाटणातील लसूण, जिरे, लवंग आणि मिरे ही सारी समुद्रापलीकडची. मिरे तर मूळ आपल्या मलबारचे. तद्देशीय म्हणावे असे त्या वाटणात मुख्यतः ‘आचियोते’चे लाल बी. हे झाड आपल्याकडेही येऊन रुजले आहे आणि मराठीत त्याला शेंदरी म्हणतात. देवघेव एकतर्फी झाली नाही हे खरेच. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही अमेरिकेतून आलेली असून आपण त्यांची खिचडी एकादशीला निःशंकपणे खातो. तेव्हा ‘पारंपरिक’ या विशेषणाने हुरळून जाण्याचे कारण नाही.

परंतु एवढ्यावरून परंपरा म्हणून काही नसतेच, असा जो निष्कर्ष हल्ली घाईने काढतात, तो मला मान्य नाही. मिश्रण झाले हे दाखविणे सोपे आहे. मिश्रण होत असताना लोकांनी काय धरून ठेवले आणि काय सोडले, हे पाहावयास हवे. त्यासाठी जैमिनींकडे जावे लागते.

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार आहे. पुरोडाशासाठी व्रीही, म्हणजे भात, सांगितला आहे. तो न मिळाल्यास नीवार, म्हणजे देवभात, घ्यावा. मीमांसकांचे म्हणणे असे की नीवार हा नीवार म्हणून घ्यावयाचा नाही; व्रीहीचे जे अंश त्यात सापडतात त्यांच्यासाठी घ्यावयाचा. यातून एक फार मार्मिक नियम निघतो. नीवारही संपला तर नीवारासारखे काही शोधू नये, पुन्हा व्रीहीसारखेच शोधावे. प्रतिनिधीला प्रतिनिधी नाही. कचेरीत नकलेवरून नक्कल काढीत गेल्यास पाचव्या प्रतीत काय उरते हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. घरी हा पदार्थ करणाऱ्यांकडून नेमका हाच नियम मोडतो. कडवट नारिंग मिळत नाही म्हणून गोड संत्र्याच्या रसात लिंबू पिळावयाचे, येथपर्यंत ठीक आहे. आंबटपणा आणि नारिंगाची जात या दोन्ही गोष्टी त्यात सापडतात. पुढे कोणी संत्र्याच्या जागी बाटलीतील गोड रस घेतो, कारण तो संत्र्यासारखा आहे. तो संत्र्यासारखा असेल, पण ज्या आंबट-कडू फळासाठी संत्रे आले त्याचे त्यात काही उरत नाही. पानाचेही तसेच. केळीचे पान विस्तवावर धरून लवचीक केले की ते वाफ कोंडते आणि आपला वासही देते. पानगी करणाऱ्यांना हे सांगावयास नको. त्याच्या जागी धातूचा चकचकीत कागद आला, तो वाफ कोंडतो म्हणून. आणि कागदाच्या जागी घट्ट झाकणाचे भांडे आले, तेही वाफ कोंडते म्हणूनच. वास केव्हा गेला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

याच पादात पुढे अपवाद येतात. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवता, मंत्र, क्रिया आणि अग्नी यांना चालत नाही. कारण असे की द्रव्याचे काम डोळ्यांना दिसते. पीठ व्हावयाचे, पुरोडाश भाजावयाचा. ते काम दुसऱ्या धान्याने कितपत होते हे आपण पारखू शकतो. आहवनीय अग्नीचे काम अदृष्ट आहे. तो नेमके काय करतो हे आपल्याला दिसत नसल्यामुळे दुसरा अग्नी ते करील असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

या कसोटीवर युकातानचा इतिहास पाहिला तर एक आश्चर्य दिसते. स्पॅनिश लोकांनी 1542 साली माया नगराच्या जागेवर मेरिदा शहर वसविले. 12 जुलै 1562 रोजी मानी या गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. त्या लिपीतील पोथ्यांपैकी आज जगात चारच शिल्लक आहेत. देवता गेल्या, मंत्र गेले. हरिण आणि टर्की पक्षी यांच्या जोडीला परके डुक्कर आले, परके फळ आले, परके मसाले आले. जमिनीतली भट्टी मात्र स्पॅनिश लोक येण्यापूर्वीची, ती तशीच राहिली. ज्यांनी जैमिनींचे नावही ऐकले असण्याचा संभव नाही त्यांनी द्रव्य बदलू दिले आणि अग्नी राखला. आजही ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी, ‘हानाल पिशान’ म्हणजे आत्म्यांचे भोजन या नावाने मृतांचे स्मरण होते, तेव्हा मक्याच्या पिठाचा मोठा जाड पदार्थ कोंबडीचे मांस भरून याच खड्ड्यात भाजतात.

आपल्या काळातील घरगुती पाककर्ता याच्या बरोबर उलट करतो. द्रव्याच्या बाबतीत तो काटेकोर असतो. आचियोतेचे वाटण दूरदेशाहून मागवितो, मिरचीची जात पाहून घेतो. अग्नी मात्र सहज बदलतो. त्याची कृती साधारण अशी असते: खांद्याचे दोन किलो मांस, शंभर ग्रॅम लाल वाटण, पेलाभर आंबट रस, मीठ, हे रात्रभर मुरवावयाचे, केळीच्या पानांत बांधावयाचे आणि सुमारे 160 अंशांच्या ओव्हनमध्ये चार तास ठेवावयाचे. मांस उत्तम होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. खांद्याच्या मांसात चिवट तंतू पुष्कळ; मंद आणि ओलसर उष्णतेत ते तासन्‌तास राहिले की विरघळून मऊ होतात, आणि शेंदरीचा रंग चरबीत उतरतो. ही कामे दृष्ट आहेत, आणि ती ओव्हन चोख करतो. धुराचा आणि मातीचा वास तेवढा येत नाही. मग हरकत कोणती?

हरकत अदृष्टाची आहे. आणि येथे अदृष्ट म्हणताना मला स्वर्ग वगैरे अभिप्रेत नाही. चौघांसाठी कोणी खडकाळ जमीन खणीत नाही, म्हणून खड्डा माणसे गोळा करतो. तो रात्र मागतो. आणि तो बुजविल्यावर करणाऱ्याच्या हातून सत्ता काढून घेतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ओव्हनला काचेचे दार असते, आत दिवा असतो. दर अर्ध्या तासाने वाकून पाहता येते, उष्णता दहा अंशांनी उतरविता येते. काम होऊन गेले, आता ते माझ्या हाती नाही, ही स्थिती त्यात येतच नाही. ओव्हन हे सारे हिरावून घेतो असे मी म्हणत नाही. त्याच्या कामात याचा समावेशच नाही, एवढेच. म्हणून ओव्हनमधील मांसाला ‘पिबिल’ म्हणू नये, त्या धाटणीचे मांस म्हणावे, असा कडक मीमांसक निकाल देईल. निकाल तर्काला धरून आहे. परंतु त्याच पादातील आणखी एक भेद ध्यानात घेतल्याशिवाय तो अमलात आणणे अन्यायाचे होईल.

नित्य कर्म, म्हणजे जे न केल्यास दोष लागतो ते, जमेल तेवढ्या अंगांनी करावे. एखादे अंग उणे पडले तरी कर्म सोडू नये. काम्य कर्म, म्हणजे फळाच्या इच्छेने आपण होऊन आरंभिलेले, ते मात्र सर्व अंगांनी पूर्ण करता येत असेल तरच हाती घ्यावे. कोणी बोलाविले नसता जो आला त्याला सबबी सांगण्याची सोय नाही.

युकातानात ओश्कुत्सकाब नावाचे, नारिंगांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले नगर आहे. तेथून आणि आसपासच्या गावांतून पुष्कळ मायाभाषी लोक सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि तेथील खानावळींच्या स्वयंपाकघरांत कामाला लागले. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला अंगण कोठले आणि खड्डा कोठला? तो रविवारी ओव्हन लावतो. त्याच शहरात, किंवा दिल्लीत, मुंबईत, लंडनमध्ये एखादा हौशी गृहस्थ हाच पदार्थ करतो. पुस्तक वाचून, साहित्य मागवून, पाहुणे बोलावून. रॉबर्ट रॉड्रिग्ज या दिग्दर्शकाने आपल्या 2003 सालच्या चित्रपटाच्या तबकडीला जोडून हा पदार्थ घरच्या ओव्हनमध्ये कसा करावा याचा पाठच दिला आहे आणि त्यात थोडी तेकीला ओतली आहे. (त्या चित्रपटात परमुलखात नेमलेला एक सरकारी हेर हा पदार्थ फार उत्तम झाला म्हणून आचाऱ्यालाच गोळी घालतो. परदेशी नेमणुकीवरील अधिकाऱ्यांच्या वर्तनाचा इतका टोकाचा नमुना सुदैवाने दुर्मीळ असावा.)

रीत अशी आहे की स्थलांतरिताच्या ताटाकडे आपण नाक मुरडून पाहतो. याने संत्रे वापरले, याने पानाऐवजी कागद वापरला, हे काही खरे नव्हे, असे म्हणतो. हौशी गृहस्थाचे मात्र कौतुक होते, कारण त्याच्याकडे वाटण अस्सल असते. मीमांसेचा न्याय याच्या नेमका उलट आहे. ओश्कुत्सकाबच्या माणसाचे कर्म नित्य आहे. रविवार त्याच्यावर येऊन पडतो. न केल्यास त्याच्या घरात काहीतरी तुटते. त्याला जेवढे जमेल तेवढे पुरे आहे, आणि त्याने ‘पिबिल’ म्हटले तर ते पिबिल. हौशी गृहस्थाचे कर्म काम्य आहे. त्याच्यावर कसलीही सक्ती नव्हती. त्याने ते सर्वांगांनी करावे, किंवा आपण दुसरेच काही केले असे नम्रपणे सांगून टाकावे. अमुक तऱ्हेचे भाजलेले मांस म्हटल्याने त्याच्या पाहुण्यांच्या जिभेचे काही बिघडणार नाही.

यावर कोणी म्हणेल की मेरिदा शहरातही आता अनेक घरांत ओव्हनच वापरतात. मग हा नियम तेथील लोकांना लावणारे तुम्ही कोण? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच नियम मी त्यांना लावीत नाही. यजमानाला प्रतिनिधी नाही, असेही त्याच पादात म्हटले आहे. फळ ज्याचे त्यानेच कर्म करावयाचे असते. कोणते अंग राखावे आणि कोणते सोडावे हे त्यांनी चारशे वर्षांपूर्वी एकदा ठरविले, ते पुन्हाही ठरवितील. बाहेरच्याला तो अधिकार पोचत नाही, ना शाबासकीचा ना निषेधाचा.

एक प्रसंग मात्र या सूत्रांच्या चौकटीत मला बसविता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या मुलांनी खड्डा पाहिलेलाच नसतो. रविवारी ओव्हनच्या दारातून येणारा वास हाच त्यांच्या लेखी मूळ वास. नीवारावर वाढलेल्याला व्रीही कसा आठवावा? ही मुले कधी सुट्टीत आजोळी जातील, सकाळी कोणीतरी माती उकरील, पाने सोडील, आणि मांसाला येणारा धुराचा वास पाहून ती कदाचित आईकडे वळून विचारतील की हे करपले काय.