सोडून दिलेला मासा

ज्या छंदानें दुसऱ्या कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, त्याविषयीं नीतीचा प्रश्न सहसा निघत नाहीं. कोणी फुलझाडें लावितो, कोणी जुनीं नाणीं जमवितो. त्याचा आनंद त्याच्यापाशीं. परंतु कांहीं छंद असे आहेत कीं, त्यांत एकाच्या आनंदाची किंमत दुसऱ्या जिवास द्यावी लागते. गळ टाकून मासे धरण्याचा छंद या जातीचा आहे. आम्हांस तो लहानपणीं लागला, आणि केस पांढरे झाले तरी सुटला नाहीं. म्हणून या प्रश्नाचा विचार पंचाच्या जागीं बसून नव्हे, तर आरोपीच्या जागीं उभें राहून करणें आम्हांस प्राप्त आहे.

नाशिककरांस नद्यांची वाण नाहीं. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी शहरांत येण्यापूर्वीं गंगापूरच्या मातीच्या धरणापाशीं अडते; तें धरण इ. स. १९६५ त पुरें झालें. इगतपुरीच्या डोंगरांतून येणारी दारणा त्याच्याही फार पूर्वीं अडविलेली आहे. नांदगांव येथील तिचें धरण इ. स. १९१६ चें. ज्या मच्छीमार संस्थेकडे पाण्याचा ठेका असेल तिची परवानगी घ्यावी आणि पहाटे जाऊन कांठावर उभें राहावें, असा आमचा क्रम. आयुष्यांतले पुष्कळ सुटीचे दिवस आम्हीं असे घालविले.

आमचा गळ मात्र गांवांतल्या पोरांचा गळ नव्हे. पोरें गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावितात. आमच्या गळास कोंबड्याचीं पिसें रेशमाच्या दोऱ्यानें बांधून माशीचें सोंग दिलेलें असतें. या माशीस वजन नसल्यामुळें ती लांब भिरकावतां येत नाहीं. म्हणून दोरीच वजनदार करितात, आणि लवचीक काठीनें ती डोक्यावरून मागें-पुढें झुलवून पाण्यावर अशी सोडितात कीं, माशी खरोखरीच उडत येऊन बसली असें माशास वाटावें. हें साधण्यास वर्षें लागतात. वाऱ्याची दिशा, प्रवाहाची ओढ, ढगांची सांवली, कोणत्या महिन्यांत कोणते किडे पाण्यावर उतरतात, हें सर्व शिकावें लागतें. नदीकडे इतकें लक्ष देऊन पाहण्यास आम्हांस दुसऱ्या कशानेंही शिकविलें नाहीं, हें आम्ही कृतज्ञतेनें कबूल करितों.

हा खेळ विलायती साहेबांनीं येथें आणिला असें पुष्कळांस वाटतें. पिसांची माशी बाहेरची हें खरें. मॅसिडोनियांतील लोक तांबडी लोंकर व कोंबड्याचीं पिसें गळास बांधून मासे धरितात, असें ईलियन नांवाच्या रोमन लेखकानें सुमारें १८०० वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. परंतु करमणुकीसाठीं गळ टाकणें आपल्याकडेही जुनेंच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथांत, म्हणजे इ. स. ११३० च्या सुमारास, मत्स्यविनोदाचें एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांस घालावयाचें खाद्य, गळाची काठी व दोरी यांचा त्यांत बारकाईनें विचार केला आहे. विनोद हा शब्द त्या राजाचाच. मासा पोटासाठीं नव्हे, तर मन रमविण्यासाठीं धरावा, ही कल्पना एका देशाची किंवा एका काळाची नाहीं. तेव्हां दोष असेल तर तो साहेबाच्या माथीं मारून आपणांस सुटतां येणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. मे महिन्याचे दिवस होते व दारणेचें पाणी बरेंच उतरलें होतें. ज्यास कोठें खडस तर कोठें महासीर म्हणतात, असा एक मोठा मासा आमच्या माशीवर आला. हा मासा दख्खनच्या नद्यांचा खरा मानकरी. कर्नल साइक्स यानें पुण्याजवळच्या नदींतील या माशाचें वर्णन इ. स. १८३९ त प्रसिद्ध केलें, आणि त्याच्या शास्त्रीय नांवांत खुद्री हा येथल्याच लोकांचा शब्द ठेविला. त्या दिवशीं तो आमच्याशीं अर्धा तास झगडला. शेवटीं थकून कांठाशीं आला. आम्हीं त्यास गळांतून सोडविलें, प्रवाहाकडे तोंड करून पाण्यांत धरिलें, आणि त्यास दम येतांच सोडून दिलें. आपण मोठें पुण्य केलें असें आम्हांस वाटलें.

जवळच एक वृद्ध भोई जाळें सांधीत बसला होता. त्यानें विचारिलें, "मास्तर, खायचा नव्हता, तर धरला कशाला?"

आम्ही म्हणालों, "बाबा, सोडला ना त्याला! जिवंत गेला."

तो हंसला नाहीं, रागावलाही नाहीं. म्हणाला, "जिवंत गेला खरा. पण अर्धा तास त्यो मरतच व्हता की."

त्या दिवसापासून आम्हीं आपल्या बाजूनें जे जे मुद्दे काढिले, ते सर्व येथें प्रामाणिकपणें मांडितों.

पहिला मुद्दा असा कीं, माशास वेदना होतच नाहीं. हें लहानपणीं आम्हांस वडील माणसांनीं सांगितलें होतें. परंतु इ. स. २००३ मध्यें स्कॉटलंडांतील लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशाच्या डोक्यावर इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू असल्याचें दाखविलें. ओठांत आम्ल टोंचलेले मासे कितीएक वेळ अन्नास शिवेनात, आणि कांहींनीं ओठ तळच्या खड्यांवर घासले. माशाची वेदना आपल्या वेदनेसारखी असते काय, यावर शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहे. परंतु वाद चालू असतां आपल्या सोयीचा निकाल आपणच लावून घेणें हा न्याय नव्हे.

दुसरा मुद्दा असा कीं, सोडून देणें ही दया आहे. स्वित्झर्लंडांत इ. स. २००८ च्या प्राणिरक्षणाच्या नियमांनीं, मासा पुन्हा सोडून देण्याच्याच इराद्यानें गळ टाकण्यास मनाई केली. खाण्यासाठीं धरण्यास मुभा ठेविली. प्रथम हें उलटें वाटतें. विचार केला तर त्या भोयाचाच प्रश्न तेथें कायद्याच्या भाषेंत विचारलेला दिसतो. भूक हें कारण आहे. आमचा आनंद हें कारण होईल काय? शिवाय सोडलेला मासा जगतोच असें नाहीं. उन्हानें तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी असतो, आणि झगडून थकलेल्या माशास तर तो अधिक हवा असतो. आम्ही ज्यास पुण्य समजलों, तें मे महिन्याच्या त्या पाण्यांत कदाचित् विलंबानें दिलेलें मरणच असेल.

तिसरा मुद्दा असा कीं, शहराचें सांडपाणी नदींत सोडणारे आमच्याहून अधिक मासे मारितात. हें खरें आहे. ज्यानें कधीं गळ हातीं धरिला नाहीं, तोही या हत्येंत वांटेकरी आहे. परंतु शेजाऱ्याचें कर्ज मोठें म्हणून आपलें फिटत नाहीं.

चौथा मुद्दा आम्हांस सर्वांत प्रिय होता. गळ टाकणाराच नदीवर प्रेम करितो व तोच तिचें रक्षण करितो, असें आम्ही म्हणत असूं. परंतु महाडजवळच्या वाळण कोंडांत गांवकऱ्यांनीं पिढ्यान्पिढ्या महासीर मासे राखिले आहेत, आणि त्या डोहांत कोणी गळ टाकीत नाहीं. तेव्हां रक्षण करण्यास आधीं ओठ टोंचलाच पाहिजे असें नाहीं.

आमच्या वाचकांस प्रभूचे कोळी शिष्य आठवतील. त्यांचीं जाळीं पोटासाठीं होतीं. शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख एकदांच येतो. पेत्रास समुद्रांत गळ टाकावयास सांगितलें, आणि तेंही कर भरण्याच्या गरजेसाठीं. मासे धरणें पाप आहे असें यावरून आम्हीं कधींच मानिलें नाहीं, आजही मानीत नाहीं. गरजेसाठीं धरणें व गंमतीसाठीं छळणें यांत अंतर आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

मग आम्हीं छंद सोडला काय? नाहीं. सोडून देण्याचें पुण्य मात्र सोडलें. आतां आम्ही घरीं शिजेल तेवढेंच धरितों. बहुधा चिलापी, जी मूळची आफ्रिकेची असून इ. स. १९५२ त भारतांत आणिली गेली आणि आज आपल्या पाण्यांत उदंड झाली आहे. मासा लागला कीं त्यास खेळवीत नाहीं; लवकर ओढितों व एका घावांत मारितों. खडस ज्या डोहांत असेल तेथें गळ नेत नाहीं. पावसाळ्यांत, मासे अंडीं घालण्यास वर चढतात तेव्हां, काठी खुंटीवर असते. आनंद पूर्वींइतका राहिला काय, असें कोणी विचारील तर, राहिला नाहीं, हेंच खरें उत्तर आहे. तो अर्धा तास हाच या छंदाचा गाभा होता, आणि तोच आम्हीं टाकला.

वाचकांपैकीं थोड्यांच्याच हातीं गळ असेल. परंतु कोणाच्या दावणीस शर्यतीचा बैल असेल, कोणाच्या खुराड्यांत झुंजीचा कोंबडा असेल. आपण त्यास जिवापाड जपतों, चांगलें खाऊं घालतों, असें आपण म्हणतों, व तें खोटें नसतें. आम्हीही त्या माशास जपूनच सोडिलें होतें. तरी त्या वृद्ध भोयानें आम्हांस विचारलेला प्रश्न प्रत्येकानें एकदां आपल्या गोठ्यांत उभें राहून स्वतःस विचारावा, आणि उत्तर देण्याची घाई करूं नये.