भिंत कुणाची, हात कुणाचे?

माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक फोटो डकवलेला आहे. जुन्या मासिकातून फाडलेला. एका चर्चची पाठीमागची बाजू. खिडकी नाही, दार नाही, नुसती माती. भिंतीला टेकू दिलेत तेही मातीचेच, बसलेल्या हत्तीच्या मांड्यांसारखे. खोलीतले दोस्त विचारतात, काय रे, चर्च कशाला लावलंस? मी म्हणतो, चर्च नाही लावलं बाबा, भिंत लावलीय.

ही भिंत अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधली, रांचोस दे ताओस गावातली. कच्ची वीट, वरून माती-भुशाचं लिंपण. तिकडं या मातीला आणि विटेला अडोबे म्हणतात. या बांधणीवरून एक अख्खी शैली निघाली. जाड भिंती, गोल केलेले कोपरे, सपाट धाबं, भिंतीबाहेर डोकावणारी तुळयांची टोकं, पावसाच्या पाण्याला लाकडी पन्हळ. पुस्तकात लिहितात, प्वेब्लो आणि स्पॅनिश परंपरांचा सुंदर संगम. हा संगम शब्द आला की मी सावध होतो. संगम नद्यांचा होतो. माणसांचा होतो तेव्हा आधी विचारावं, कोण चालत आलं आणि कुणाला फरफटत आणलं?

प्वेब्लो लोक स्पॅनिश यायच्या कितीतरी शतकं आधीपासून तिथं मजल्यावर मजले चढवून राहत होते. ते ओली माती हातानं थरावर थर रचत. स्पॅनिशांनी लाकडी साचा आणला, एकसारखी वीट पाडायचा. (मी साचेवाला, साचा म्हटलं की माझ्या कानात लूमच खडखडतो, पण हा साचा वेगळा.) बेनाविदेस नावाच्या पाद्र्यानं १६३० साली लिहून ठेवलंय की या लोकांत भिंती बायका बांधतात, आणि एखाद्या पुरुषाला भिंतीच्या कामाला लावलं तर बाकीचे त्याला हसतात. म्हणजे पाद्र्यांनी जी चर्चं उठवली त्यांच्या भिंती बायापोरांच्या हातच्या. चर्चवर नाव मात्र संताचं.

आता अकोमा बघा. साडेतीनशे फूट उंच उभा कडा, माथ्यावर गाव. १५९९ साली ओन्याते नावाच्या स्पॅनिश सुभेदाराच्या फौजेनं ते गाव मोडलं. शेकडो माणसं मारली. पंचवीस वर्षांवरच्या कैद्यांना एक पाय तोडायची आणि वीस वर्षं गुलामीची शिक्षा फर्मावली. (१९९८ साल उजाडताना कुणीतरी ओन्यातेच्या पुतळ्याचा उजवा पाय करवतीनं कापून नेला. चारशे वर्षं हिशेब कुणी विसरलं नव्हतं.) १६२९ नंतर त्याच गावाकडून सान एस्तेबानचं चर्च बांधून घेतलं. माती, पाणी, सगळं पाठीवरून कड्यावर. चाळीस फुटी तुळया तीसेक मैलांवरच्या डोंगरातून खांद्यावर. दफनभूमीची मातीसुद्धा खालून वाहून आणलेली.

पुढं १६८० साली पोपेच्या पुढारपणाखाली प्वेब्लो गावं एकदम उठली. सांता फेला वेढा घातला, पाण्याचा पाट तोडला. स्पॅनिश पळाले. गव्हर्नरच्या वाड्यात हे लोक राहायला गेले, आणि बारा-तेरा वर्षांत त्यांनी त्या वाड्याची आपली वस्ती करून टाकली. कित्येक चर्चं पाडली, जाळली. पण अकोमाचं चर्च राहिलं. आजही उभं आहे, गाव त्याची देखभाल करतं.

इथं माझं डोकं अडतं. चाबकाखाली बांधलेली भिंत का ठेवली असेल? आपला एखादा कडक कार्यकर्ता म्हणेल, गुलामी अंगात मुरली, दुसरं काय. मला नाही तसं वाटत. ज्या लोकांनी एवढं राज्य उलथलं त्यांना एक चर्च पाडणं जड नव्हतं. त्यांच्या मनातलं मला कसं कळणार? पण मी त्यांच्या जागी असतो तर म्हणालो असतो, यातली माती माझ्या आजीनं पाठीवर आणलीय, पाडू कशी?

तेव्हा उसनवारीला मी चोरी म्हणत नाही. प्वेब्लोंनीही घेतलंच की. मेंढ्या घेतल्या, गहू घेतला, घुमटाची भट्टी घेतली, तिच्यात ते आजही पाव भाजतात. स्पॅनिश हाकलले तरी मेंढ्या ठेवल्या. कशाला नको म्हणायचं आणि काय ठेवायचं हे त्यांनी ठरवलं. शुद्धतेचं सोवळं आपल्याला नकोच, त्या सोवळ्यानं काय केलं ते आपण जाणतो. माझा सवाल एवढाच, की ज्याच्याकडून घेतलं त्याला नाही म्हणायची सोय होती का?

ती सोय १९१२ साली कुणी विचारली? रेल्वेचा मुख्य रस्ता सांता फेला वळसा घालून गेला, शहर ओस पडायला लागलं, तेव्हा तिथल्या शहाण्यांनी ठरवलं, जुनं रूप धरू, प्रवासी येतील. १९१५ साली सान दिएगोच्या प्रदर्शनात अकोमाच्या चर्चवरून मंडप उभारला. त्याच धर्तीवर १९१७ साली सांता फेचं कलासंग्रहालय झालं. पुढं मीम नावाचा हुशार आर्किटेक्ट आला, त्याचं काम देखणं आहे, नाकारत नाही. १९५७ साली शहरानं कायदाच केला, जुन्या भागात नवं बांधाल तर याच रूपात बांधा. मग आतून काँक्रीट, लाकडाचे सांगाडे, वरून मातीच्या रंगाचा सिमेंटचा गिलावा. काही ठिकाणी तुळयांची टोकं नुसती शोभेची, छताचा भार त्यांच्यावर नाहीच. घरांच्या किमती चढल्या. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माती मळली जायची, त्यातली कितीतरी कुटुंबं जुन्या वस्तीतून बाहेर फेकली गेली. गरिबाचं घर श्रीमंताची आवड झालं आणि गरिबाला परवडेना.

आणि तो गव्हर्नरचा वाडा? त्याला १९१३ साली नवी ओसरी जोडली, जुनी दिसेल अशी. त्या ओसरीत प्वेब्लो आणि इतर आदिवासी कारागीर भिंतीला टेकून, जमिनीवर कापड अंथरून दागिने, मडकी विकतात. ज्या वाड्यात त्यांच्या पूर्वजांनी मालक म्हणून चुली पेटवल्या, त्याच्याच दारात. ती जागा त्यांनी टिकवून धरलीय, तिथं दुसऱ्याला बसता येत नाही, हेही खरं. प्रवासी म्हणतात, किती अस्सल!

माझ्या फोटोतल्या भिंतीचं सांगायचं राहिलं. ते चर्च प्वेब्लोंचं नाही, तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या शेतकऱ्यांचं. १९६७ साली त्यांनीही दरवर्षीच्या लिंपणाला कंटाळून सिमेंटचा पक्का गिलावा मारला. कोण दोष देईल? ज्यांनी आईला फुटलेल्या हातांनी भिंत सारवताना पाहिलंय, ते तर नाहीच देणार. पण सिमेंटला चीर गेली, पाणी आत शिरलं. माती श्वास घेते, ओल बाहेर टाकते, सिमेंटनं तिचं तोंड दाबलं. आतल्या विटा भिजून चिखल व्हायला लागल्या, बाहेरून सगळं ठीकठाक. १९७९ साली गावानं तो गिलावा खरवडून काढला आणि पुन्हा माती चढवली. तेव्हापासून उन्हाळ्यात गाव जमतं. म्हातारी माणसं माती मळायचं प्रमाण सांगतात, पोरं बादल्या वाहतात, बाया हातानं लिंपतात. फोटोत नीट बघितलं तर डाव्या टेकूवर बोटांचे फराटे दिसतात.