हरभऱ्याच्या उताऱ्याचा कर्ता कोण?

हरभऱ्याचं पक्व झाड उपटून नीट पाहावं. बुंध्यापासून फुटलेल्या फांद्या, त्यांना उपफांद्या, त्यांवर घाटे. घाटा फोडला तर आत बहुधा एक दाणा, कधी दोन. ज्या झाडाला फांद्या जास्त त्याला दाणेही जास्त दिसतात, आणि उतारा फांद्यांनीच दिला असं मन ठरवून मोकळं होतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ‘विजय’, ‘दिग्विजय’ यांसारखे वाण घडवणाऱ्यांना एवढ्यावर थांबून चालत नाही. स्यूअल राइट यांनी १९२१ मध्ये मांडलेली आणि ड्यूई व लू यांनी १९५९ मध्ये एका चारागवताच्या बियाण्याच्या उत्पादनाला लावलेली पथ-विश्लेषणाची रीत अशा सहसंबंधाची फोड करते: उताऱ्यात एखाद्या गुणाचा थेट वाटा किती, दुसऱ्या गुणामार्फत आलेला किती. मग फांद्यांचं श्रेय पुष्कळदा घाट्यांच्या संख्येकडे जातं. घाटे वाढले की दाण्याचं वजन बरेचदा घटतं. आणि सगळा हिशेब मांडूनही काही भाग कोणाच्याच नावावर पडत नाही.

राहुरीच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं येतात: अधिष्ठान, कर्ता, करण (म्हणजे साधन), चेष्टा आणि दैव; केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याची दृष्टी तिथे अपुरी ठरते. हरभऱ्याच्या बाबतीत हे मला शब्दशः पटतं. ‘फुले विक्रम’ हा उंच वाढणारा वाण घ्या. उंचीने दाणा भरत नाही. पण घाटे जमिनीपासून वर राहिल्याने कंबाइन हार्वेस्टरने काढणी जमते. यंत्र नसेल तर त्या गुणाची किंमत बरीच उतरते.

गीतेत संख्याशास्त्र शोधणं हा पोकळ अभिमान आहे, असं कोणी म्हणेल. खरंच आहे, गीतेला वाणांची निवड करायची नव्हती, आणि हिशेबाबाहेर उरलेला भाग म्हणजे दैव नव्हे, तो न मोजलेल्या गोष्टींचा आहे. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच: फळाचं श्रेय एकट्याच्या पदरात टाकता येतं का? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कर्तेपण असं वाटून टाकलं तर जबाबदार कोणीच उरत नाही. मला उलट वाटतं. ओलिताच्या वाफ्यात भरपूर घाटे धरणारं, उशिरा पिकणारं झाड निवडून तेच बियाणं जिरायत रानाला दिलं, तर जमिनीतली ओल आटते आणि घाटे पोचट राहतात. ओल हेही कारण आहे हे ठाऊक असलेल्या माणसालाच त्याचा जाब विचारता येतो.