फलत्याग आणि फलज्ञान

दक्षिण दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या दारी पहाटेपासून जी रांग लागते, तीत बिहारचे, उत्तर प्रदेशचे, हरियाणाचे रोगी असतात. कोणी धर्मशाळेत, कोणी पदपथावर रात्र काढलेली असते. संसदेच्या कायद्याने 1956 साली स्थापन झालेली ही संस्था उत्तर भारतातील अगणित कुटुंबांच्या आशेचे शेवटचे ठिकाण होऊन बसली आहे. रोग्याची पाळी येते, डॉक्टर तपासतात, औषध लिहून देतात, प्रसंगी शस्त्रक्रिया करतात. आणि कागदांची पिशवी काखेत मारून रोगी आगगाडीने गावी परततो. पुढे त्याचे काय झाले, हे पुष्कळदा त्या डॉक्टरांना कधीच कळत नाही.

बरा झालेला रोगी गाडीभाडे खर्चून परत येत नाही. जो दगावला तो येऊ शकत नाही. ज्याचा पैसा संपला अथवा विश्वास उडाला, तो दुसऱ्या दारी जातो. तिघांचेही मौन सारखेच. आणि मनुष्यस्वभाव असा की, त्या मौनाचा अर्थ ‘बरा झाला असेल’ असाच लावला जातो. जिल्ह्याच्या गावाहून ज्याने रोगी दिल्लीस धाडला, त्या डॉक्टरांची स्थिती तर याहून चमत्कारिक. आपले निदान खरे ठरले की खोटे, एवढेही त्यांना उमगत नाही. जुना गाववैद्य अल्पज्ञ असेल. पण त्याने मात्रा दिलेल्या माणसाची तिरडी त्याच्याच दारावरून जात असे.

यावर गीतेच्या आधारे एक समाधान सांगण्यात येते. फलावर मनुष्याचा अधिकारच नाही; मग डॉक्टरांनी कर्तव्य करून मोकळे व्हावे, परिणामाची चौकशी कशाला? युक्तिवाद गोड आहे, म्हणूनच तपासून घेण्याजोगा आहे. दुसऱ्या अध्यायातील त्या सुप्रसिद्ध श्लोकाने फलाचा हेतू सोडावयास सांगितले; फलाकडे डोळे मिटावयास नव्हे. किंबहुना परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म अठराव्या अध्यायात तामस गणले आहे. हा विचार कर्मारंभापूर्वीचा, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण आजच्या रोग्याविषयीचा अंदाज, कालच्या रोग्याचे काय झाले हे जाणल्यावाचून बांधावयाचा तरी कशावर?

अमेरिकेत बोस्टन येथे अर्नेस्ट कॉडमन नावाच्या शल्यविशारदाने हाच प्रश्न हट्टाने धरून ठेवला होता. 1911 साली त्याने स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले. प्रत्येक रोग्याची पत्रिका ठेवून कालांतराने त्याची अवस्था तो तपासून पाही. 1916 पर्यंत तेथून गेलेल्या 337 रोग्यांच्या बाबतीत 123 चुका घडल्याचे त्याने स्वतःच छापून जाहीर केले. नगरातील प्रतिष्ठित वैद्यकवर्ग त्याच्यावर रुष्ट झाला. येथे अनासक्त कोणास म्हणावे? चुकांचा हिशेब मांडणाऱ्यास, की तो मांडू न देणाऱ्यांस?

फल जाणण्याचे भय मात्र अगदीच निराधार नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला; अशा स्थितीत चुकीची नोंद म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावाच, असे कित्येकांस वाटते. शिवाय यशाची मोजणी सुरू झाली की, नाव राखण्यासाठी असाध्य रोगी टाळण्याचा मोह होतो. हा दोष खरा आहे. तो फललोभाचा आहे, फलज्ञानाचा नव्हे. म्हणून अशी नोंद प्रथम शिकण्यासाठी असावी, शिक्षेसाठी वा जाहिरातीसाठी नव्हे.

2021 पासून देशभर चौदा अंकी आरोग्य-क्रमांकाची योजना विस्तारत आहे. निरनिराळ्या रुग्णालयांतील कागद तिने एकत्र येऊ शकतील. पण जो रोगी पुन्हा कोणत्याच रुग्णालयाची पायरी चढला नाही, त्याचा कागद येणार कोठून? त्याला कोणीतरी विचारावेच लागेल. केसपेपरवर दूरध्वनीचा क्रमांक बहुधा असतो. चालता येते का, अन्न जाते का, वेदना थांबली का, इतके प्रश्न पुरेत. लेखनिकाने विचारले तरी भागेल. मात्र उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि पलीकडून ‘ते गेले’ असे कोणी सांगितले, तर पुढचे दोन शब्द डॉक्टरांनी स्वतः बोलावेत.