माजघरातली ओल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात जांभ्या चिऱ्याचं जुनं घर होतं. घरात आई, तिचे दोन मुलगे आणि सुना. माजघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल यायची. जमिनीपासून निघून ती कमरेपर्यंत चढायची. वरची कड वेडीवाकडी, आणि त्या कडेवर लोणा फुटून पांढरी पूड धरलेली. हात लावला की रंगाचे पोपडे हातात यायचे.

गणपतीचं मखर त्याच भिंतीसमोर मांडलं जाई, म्हणून थोरला दरवर्षी श्रावणात ती रंगवी. एका वर्षी साधा डिस्टेंपर, पुढच्या वर्षी पुट्टी घासून महागातला वॉटरप्रूफ रंग, त्यानंतर सिमेंटचा गिलावा. महिनाभर भिंत चांगली दिसे. मग रंगाला फुगे येत आणि ओल आधीपेक्षा वीतभर वर चढलेली असे. चिऱ्याची भिंत पाणी पिते तसं ते हवेत सोडतेही. आतून तिचं तोंड बंद केलं की पाणी वरची वाट धरतं. कोकणातल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं.

थोरल्याचा संशय शेजाऱ्यावर होता. शेजाऱ्याने पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, बांध घातला, त्याचंच पाणी आपल्या भिंतीत मुरतं, असं त्याने मनाशी धरलं होतं. त्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं होतं.

शेवटी आईने गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. थोरला म्हणाला, "मिस्त्री, आता टाइल्सच लावून टाका. डाग दिसायलाच नको."

"लावू की," मिस्त्री म्हणाले, "पण आधी चार दिवस बघू दे. ओल पावसात बघायची आणि उन्हात दुरुस्त करायची."

त्यांनी ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. मग प्लॅस्टिकचा एक चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवला. दोन दिवसांनी पाहिलं तर थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या अंगाला धरले होते. "पुढच्या अंगाला धरले असते तर हवेतला दमटपणा म्हटलं असतं. हे पाणी भिंतीतून येतंय." छपराखालचा भाग कोरडा ठणठणीत होता, म्हणजे कौलांचा दोष नव्हता. नळाची पाइप त्या भिंतीतून जातच नव्हती. पश्चिमेची झड म्हणावी, तर झडीची ओल वरपासून भिंतभर उतरते. ही खालून वर चढलेली. मिस्त्री पऱ्यावरही जाऊन आले. म्हणाले, "भाऊ, पऱ्या तुमच्या जोत्याच्या पुरुषभर खाली आहे. तिथलं पाणी चढ चढून तुमच्याकडे कसं येईल?"

दुपारी जोराची सर आली. मिस्त्रींनी थोरल्याला छत्री घ्यायला लावून मागच्या अंगणात नेलं. चिखल नको म्हणून थोरल्यानेच हौसेने तिथे भराव टाकून काँक्रीट करून घेतलं होतं. भरावाखाली जोतं पार बुडालं होतं आणि उतार घराकडे झाला होता. वळचणीच्या पागोळ्या काँक्रीटवर पडत होत्या आणि सगळं पाणी धावत भिंतीच्या पायाशी येऊन थांबत होतं. चार बोटं पाणी साचलेलं. जिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे हे महिनोन्महिने चालायचं. समईची वात तेल ओढते तसा चिरा ते पाणी ओढून घेत होता.

"ओल आत दिसते, पण येते इथून," मिस्त्री म्हणाले. "डागावर रंग लावत बसलं की मूळ तसंच राहतं. आणि मूळ शोधायचं तर आधी आपलं अंगण बघावं, मग शेजाऱ्याचं."

थोरला काही न बोलता आत गेला आणि पहार घेऊन आला. भिंतीलगतचं दोन फूट काँक्रीट फोडलं, जोतं उघडं पडेपर्यंत माती उपसली, चरात खडी भरली, वळचणीला पन्हळ लावली. पण पाणी काढून द्यायला वाट एकच होती, शेजाऱ्याच्या कुंपणाकडून पऱ्यावर. थोरल्याला त्यांच्या दारात जावंच लागलं.

"काका, दोष आमच्याच अंगणात होता. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. तुमच्या बाजूने चर काढू द्याल का?"

"काढ की," ते म्हणाले. "फक्त पोफळींच्या मुळाशी पाणी तुंबू देऊ नकोस." आणि कुदळ घेऊन स्वतःच बाहेर आले.

आतला सिमेंटचा गिलावा रेघेच्या वर हातभर खरवडून काढला. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडला, कारण पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत शिरतात. थोरल्याने रंगाचं विचारलं. मिस्त्री म्हणाले, "आता थांबायचं. भिंत महिन्याला इंचभर सुकली तरी पुष्कळ, आणि ही नऊ इंची आहे." त्या वर्षी गणपती उघड्या चिऱ्यांसमोर बसले, आणि आल्यागेल्याला आई चराची हकीकत सांगत राहिली.

मे महिन्यात चुन्याचा गिलावा झाला, त्यावर चुन्याचाच हात दिला. पुढच्या श्रावणात पाऊस कोसळत असताना थोरला चरात अडकलेला पालापाचोळा काढायला गेला, आणि शेजाऱ्यांच्या हद्दीतला चरही साफ करून आला.